पेनीकाकांचं शेवटचं पान

लग्नाची पत्रिका हातात आली की आपण आधी हॉल कुठला ते बघतो. आमचे पेनीकाका ती तळहातावर ठेवून वजन जोखायचे. "वा, चांगली जड आहे! विलायतेहून इकडे यायला हिला भलताच खर्च आला असता," असं म्हणून मुहूर्त न बघताच ती बाजूला ठेवायचे. काकू गेल्यावर त्यांना अशा लग्नांची आठवण करून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

शांती नगरमध्ये आमची दारं समोरासमोर. काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. जुन्या ब्रिटिश टपालाचे दर शोधणं हा त्यांचा छंद. छंद कसला, खूळच म्हणा! त्या पेनी-पेन्सच्या हिशेबावरूनच त्यांचं नाव पेनीकाका पडलं. पार्ल्याहून इकडे राहायला येताना भांडीकुंडी टेम्पोत घातली आणि अल्बम मांडीवर घेऊन आले म्हणे. एखाद्या जुनाट पत्राच्या घडीवर नुसता आठचा आकडा खरडलेला असायचा. त्यावरून हे सांगणार, "आठ पेन्स. म्हणजे एकच कागद आणि पन्नास ते ऐंशी मैल. दोन कागद असते तर दुप्पट घेतले असते."

त्यांना कुणी 'तिकिटं जमवता ना?' असं विचारलं की मात्र पारा चढायचा. "तिकीट म्हणजे नुसती पावती हो! पत्र कुठून निघालं, कुठल्या वाटेने आलं, किती वजनाला किती दर लागला, हे पाकीट सांगतं. पाकिटाशिवाय तिकीट माझ्या काय कामाचं?" मी मुकाट्याने मान डोलवायचे. वाद घातला की भिंग आणि अल्बम पुढ्यात आलेच म्हणून समजा.

ठाण्याच्या प्रदर्शनात ते दरवर्षी आपली पानं मांडायचे आणि ब्राँझपदकावर समाधान मानून परत यायचे. संग्रहाला शेवट नाही, असं परीक्षक म्हणायचे, आणि ते काकांनाही पटलेलं होतं. विलायतेहून थेट आपल्या या किनाऱ्यावर आलेलं एक पाकीट त्यांना शेवटच्या पानासाठी हवं होतं. ते मिळालं की एकदा तरी सुवर्णपदक, एवढीच त्या माणसाची हाव.

आणि ते पाकीट सापडलं कुठे, तर मासळीबाजारात! किनाऱ्यावरच्या तारोडी गावची फिलूबाई आम्हाला नेहमी बोंबील द्यायची. बोलता बोलता म्हणाली, "माजा बापूस बोटीवर होता. लंडनशी पत्रा धाडायचा आयेला. पेटीन हायत अजून." "रविवारी घेऊन या, प्रदर्शनात लावतो," एवढं सांगून काका बोंबील तिथेच विसरून घरी आले. त्या आठवड्यात दाढी करताना त्यांचं गुणगुणणं मला दोनदा ऐकू आलं.

रविवारी चर्च आटोपून फिलूबाई आली. काकांनी मलाही बोलावलं होतं. तिने पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत नुसती तिकिटं! स्वच्छ धुतलेली, वाळवलेली.

"पान्यान भिजवली नि एकेक सोडवली," ती कौतुकाने म्हणाली. "एक पन फाटला न्हाय. पाकिटा पार मळलेली, ती चुलीन टाकली. आता प्रदर्शनान लावशीला ना, काका? आमी सगली येऊ बगायला."

मी तोंड उघडणार तोच काकांनी मला नजरेनेच अडवलं. "किती निगुतीने काढलीत हो, फिलूबाई," ते म्हणाले. मग तिचे वडील बोटीवर काय काम करायचे, घरी कधी यायचे, हे विचारत बसले.

ती गेल्यावर मी उसळलेच. "अहो काका, निदान तिला सांगायचं तरी!"

"काय सांगायचं? बापाची आठवण तिने एवढी जपून आणून दिली, आणि मी म्हणू, वाया घालवलीत?" मग हळूच म्हणाले, "जरा चहा टाकता का?"

त्यांनी ती तिकिटं खरंच शेवटच्या पानावर लावली. खाली लिहिलं: 'तारोडीच्या फिलूबाईंच्या वडिलांनी घरी पाठवलेल्या पत्रांवरची. दर माहीत नाही.' मार्क जातील म्हणून मी बजावलं, तर म्हणे, "जाऊ देत." गेलेच! त्या वर्षी ब्राँझही मिळालं नाही. फिलूबाई मात्र ठेवणीतलं लुगडं नेसून बहिणीला घेऊन आली आणि त्या काचेपुढून हलेना.

पुढच्या प्रदर्शनाआधीच काका गेले. झोपेतच. फिलूबाई भेटायला आली तेव्हा काकांचं दार बंद होतं, म्हणून माझ्याकडे टेकली. मग म्हणाली, "ताई, प्रदर्शनान काकांच्या बाकी सगल्या पानांवर आख्खी पाकिटा लावलेली. माजीच तिकटा तेवडी उघडी. मना तवाच समजला, मी काय करून बसली ता."

"मग काकांना बोलली नाहीस?"

"कशी बोलू? इतक्या मानानं लावलेली त्यांनी. मना समजला ता त्यांना कलला असता, तर वाईट वाटला असता त्यांना."

मला रडू आवरेना. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.