ज्वारीच्या पिझ्झ्याची कड

आमच्या भागात नवीन पिझ्झाचं हॉटेल निघालं आणि बाहेर पाटी लागली, ‘येथे ग्लूटेन-फ्री पिझ्झा मिळेल.’ ती वाचून आनंद झालेली त्या रस्त्यावरची बाई मी एकटीच असणार. बाकीच्यांना वाटलं, पिझ्झावर काहीतरी फुकट आहे. माझ्यासमोर एकानं आत जाऊन विचारलंसुद्धा.

माझी मुलगी बारा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, गव्हातल्या ग्लूटेननं तिच्या आतड्याला इजा होते. चपाती, पाव, बिस्किटं, शिरा, शेवया, सगळं आयुष्यभर बंद. चुकून चिमूटभर पोटात गेलं तरी पोरगी चार दिवस पोट धरून झोपते, उलट्या होतात, शाळा बुडते. मी घाबरत विचारलं, “मग हिनं खायचं काय?” डॉक्टर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “तुम्ही सोलापूरच्याच ना?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे वडील मंगळवेढ्याहून दरवर्षी ज्वारीचं पोतं पाठवायचे आणि मी त्यातली निम्मी इकडंतिकडं वाटून टाकायचे. पोरीच्या डब्यात भाकरी दिसली तर बाकीच्या आया काय म्हणतील, हा माझा मोठा प्रश्न होता. म्हणून रोज मऊसूत चपातीचे रोल करून दिले, वर सॉसची पुडी. शिकलेल्या बाईची अक्कल ही अशी! आता त्याच आया वजन कमी करायचं म्हणून मला फोन करतात, “तुझ्याकडं गावाकडची ज्वारी असते ना गं?”

तेव्हापासून मी पिठाच्या बाबतीत महाखाष्ट झाले. गिरणीत गव्हावर ज्वारी दळलेली चालत नाही, म्हणून गिरणीवाल्याशी इतकी भांडले की मला लांबून येताना बघून तो मोटर बंद करून चहाला जायला लागला. शेवटी घरघंटी घेतली. तिच्यात गव्हाचा दाणा टाकायची घरात कुणाची छाती नाही.

तर त्या हॉटेलात रविवारी मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस ठरला. आदल्या आठवड्यात मुलगी माझ्या मागं येऊन उभी राहिली. दोन वर्षं ती प्रत्येक वाढदिवसाला घरचा डबा घेऊन जायची. पोरी केक खायच्या, ही डब्याचं झाकण उघडायची आणि मग कुणाची तरी आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणायची, “बिच्चारी!”

“आई, या वेळी डबा नको,” ती म्हणाली. “सगळ्या खातील तेच खायचंय मला. एकदाच.”

पोरीनं दोन वर्षांत मागितलेली ही पहिली गोष्ट. दिला शब्द.

शुक्रवारी मी हॉटेलात चौकशीला गेले. मॅनेजर म्हणजे काळ्या टी-शर्टातला, सारखा हसणारा मुलगा. “मॅडम, हंड्रेड पर्सेंट ग्लूटेन-फ्री! बेस पुण्याहून येतो.” म्हटलं, पुण्याहून येतो ते ठीक आहे, आल्यावर इथं त्याचं काय होतं ते दाखव. तो का कू करायला लागला, पण मी तोवर पडदा बाजूला सारून स्वयंपाकघरात पोचले होते.

आत मैदाच मैदा. ओट्यावर, ट्रेवर, कटरवर, पंख्याच्या पात्यांवर. पुण्याच्या त्या सोवळ्या बेसला पाकिटातून काढून त्याच ओट्यावर ठेवत होते. पिझ्झा करणारे मामा मोडनिंबकडचे, पन्नाशीच्या पुढचे. मी बघत असतानाच त्यांनी मूठभर मैदा घेऊन खाली भुरभुरला.

“अहो मामा, हे काय करताय?”

“मैदा टाकल्याबिगर ह्यो बेस सरकतच न्हाय, ताई.”

मॅनेजर अजून हसतच होता. मला असा संताप आला की त्याची पाटी काढून त्याच्याच हातात द्यावी. पण रविवार तोंडावर आलेला. मी मामांना सांगितलं, मैद्यानं पोरगी कशी आजारी पडते, घरी भाकरीच कशी खाते, काय मागितलंय तिनं. मामांनी ऐकून घेतलं आणि टोपी मागं सारली.

“पोरीला भाकरी चालती व्हय? मग हे पुण्याचं कशाला? पीठ आनून द्या, मी थापतो की. माझी भाकरी घरच्या मानसांपरीस पातळ हुती. तिच्यावर चीज टाकू, भाजू. लई झ्याक लागंल.”

किती साधं! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. मॅनेजरनं लगेच ओळखलं की हे मेनूकार्डावर छापता येईल. तो पुटपुटायला लागला, “ज्वारी क्रस्ट... देसी क्रस्ट...” मी मात्र मामांपुढं बोट नाचवत बजावलं, “मैद्याचा कणही नको.” जाताना परत सांगितलं. दारातून तिसऱ्यांदा सांगितलं.

रविवारी दुपारी घरून पीठ, परात, तवा, ट्रे आणि सुरी घेऊन गेले. लग्नाच्या आचाऱ्यानं आणलं नसेल इतकं सामान. एक कोपरा मागून घेतला आणि साबणानं ओटा घासला, एकदा नाही, तीनदा. मामा म्हणाले, “ताई, फरशीचा रंग जाईल की.” मग मॅनेजरनं मला हात जोडून बाहेर काढलं, “मॅडम, आता रिलॅक्स.” मी घरी जाऊन साडी बदलली आणि पोरीला घेऊन संध्याकाळी आले.

पोरी एका लांब टेबलावर बसल्या, आम्ही आया शेजारच्या. सगळ्यांचे पिझ्झे आले आणि शेवटी मॅनेजर स्वतः एक ट्रे घेऊन आला. “स्पेशल ज्वारी क्रस्ट!” पोरींनी टाळ्या वाजवल्या. जिचा वाढदिवस होता तिच्यापेक्षा माझ्या पोरीच्या पिझ्झ्याचे फोटो जास्त निघाले. शेजारची पोरगी म्हणाली, “मला पण हाच हवा होता.” माझ्या पोरीचा चेहरा कसा फुलला म्हणून सांगू! मी एका आईकडं बघितलं, तीच ती बिच्चारीवाली. बघा म्हटलं मनात.

पोरीनं तुकडा उचलला. तोंडाशी नेला आणि थांबली. तुकडा फिरवून तिनं कड बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

“आई, ह्याची कड फुटली नाही.”

मी उठून गेले. ज्वारीला चिकटपणा नसतो, थापताना तिची कड थोडीतरी चिरतेच, मग थापणारी कितीही सुगरण असो. ही कड गुळगुळीत, गोल. मी ट्रेमधला एक तुकडा घेतला, वरचं चीज बाजूला केलं आणि भाकरी ओढली. ती तुटली नाही. ताणली गेली.

आत गेले तेव्हा मामा कौतुकाच्या अपेक्षेनं हात पुसत उभे होते.

“मामा, यात काय घातलंत?”

“मैदा न्हाय घातला, आईशप्पथ! कणबी न्हाय. दोन भाकरी चीजच्या वजनानं तुटल्या ओ. आता चार लोकांत पोरीला तुटकी कशी द्यायाची? म्हनून नुसती मूठभर कणीक मिसळली. घरची, चांगली, गव्हाची.”

ओरडायला तोंड उघडलं आणि माझं मलाच आठवलं. मैदा, मैदा म्हणून मी यांचा जीव खाल्ला होता, पण गहू हा शब्द माझ्या तोंडून एकदाही गेला नव्हता. आणि मला थापता येत नसे तेव्हा मी काय करायचे? मूठभर कणीक मिसळून पोळपाटावर भाकरी लाटायचे आणि न फुटलेली कड सासूबाईंना अभिमानानं दाखवायचे. मामांना एवढंच म्हटलं, “तिला गहूच चालत नाही हो.” मामांनी कपाळावर हात मारला आणि भट्टीकडं तोंड करून उभे राहिले.

पोरगी रडत असेल, या धास्तीनं मी परत आले. रडत नव्हती. ट्रे तिनं टेबलाच्या कडेला सारला होता, कागदी रुमालानं बोटं पुसली होती आणि पिशवीतून, भेटवस्तूच्या कागदाखालून, स्टीलचा डबा काढला होता. आत एक भाकरी, थोडी शेंगाची चटणी. भाकरी जाड, एका बाजूनं करपलेली, कड चार ठिकाणी फुटलेली. माझ्या हातची नव्हती.

“ही कधी केलीस?”

“तू दुपारी इथं ओटा घासत होतीस तेव्हा.”

“अगं, डबा नको म्हणाली होतीस ना?”

“नकोच होता,” ती म्हणाली. “पण असू दे म्हटलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता, मला तेच जास्त लागलं. ती भाकरी मोडून खात मैत्रिणीशी शाळेतलं काहीतरी बोलायला लागली. बिच्चारीवाली आई आपल्या ताटलीतला पिझ्झा कापत बसली. मी पोरीच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि डब्याकडं हात केला.

“दे की गं मला एक घास.”

तिनं डबा झटकन मागं घेतला.

“आधी हात धुऊन ये. तू पिझ्झाला हात लावलायस.”

मी उठले, बेसिनपाशी गेले आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले.