कुणीतरी जागा सोडेल

मोशीत आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर माझा फ्लेक्स लागला, तेव्हा त्यातली मी मलाच ओळखू आले नाही. चेहरा माझा, पण मानेखाली निळा ब्लेझर आणि कुणा भलत्याच बाईचे खांदे. मी वॉटर पोलो खेळते, गोलकीपर आहे. माझे सगळे फोटो पोहण्याच्या कॉस्च्यूममधले. म्हणून पप्पांनी फ्लेक्सवाल्याला सांगितलं होतं, "अंगभर कपडे घाल रे तिला." त्याने घातले. खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो, त्यात पप्पांचं अख्खं वर्कशॉप. आणि वर ठळक अक्षरांत: जागतिक स्पर्धेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!

निवड झाली होती ती आशियाई स्पर्धेच्या संघात. जागतिक स्पर्धा त्याच्या पुढची. तिथे जागा मिळायची रीत आमच्याकडच्या पंगतीसारखीच आहे. यजमान देशाचं पान आधीच मांडलेलं असतं. गेल्या मोठ्या स्पर्धांत वर आलेल्यांना मानाने बोलावतात. उरलेली पानं खंडाखंडांत वाटतात, आणि आशियाच्या वाट्याला येतात ती इतकी थोडी, की त्यासाठी आशियाई स्पर्धेत अगदी वरच यावं लागतं. आम्ही तिथे वर येणं किती अवघड आहे हे आमच्या संघातल्या प्रत्येक मुलीला ठाऊक होतं. पप्पांना नव्हतं.

पप्पा मूळचे बीडकडचे, भोसरीत लेथवर टर्नर. निवड झाली तेव्हा मी शिबिरातून फोन केला होता, "आधी आशिया, मग वर्ल्ड." एवढंच. त्यांच्या हिशेबी मी बसमध्ये चढले होते. आता स्टॉप येईल तेव्हा येईल. फ्लेक्स बघून आई तेवढी म्हणाली, "पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल." त्यातली म्हैस मीच, त्यामुळे मी हसले आणि विषय संपला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पहिल्या संध्याकाळी मला तो फ्लेक्स आवडला होता. तोंडाला स्कार्फ गुंडाळून, गाडी रस्त्यापलीकडे लावून मी तो पोटभर बघितला. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या मावशींनी कोथिंबिरीची जुडी तशीच पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "देशासाठी चाललीस, राहू दे." तेव्हापासून मी स्कार्फ काढेनाशी झाले.

दसऱ्याला वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा असते. लेथ धुऊन पुसून लख्ख केलेले, त्यांना हळद-कुंकू, झेंडूचे हार. पप्पांनी मला मुद्दाम नेलं. त्यांच्या लेथला हार घातला, नारळ फोडला, आणि तसलाच दुसरा हार शेठनी माझ्या गळ्यात घातला. "वर्ल्डला आपल्या वर्कशॉपचं नाव टाक बरं का शर्टावर," ते म्हणाले. सगळे हसले. पप्पा सगळ्यांत मोठ्याने. आमच्या खेळात शर्टच नसतो, हे सांगायचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही. झेंडूचा वास नाकात बसला होता आणि वाटत होतं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

आशियाई स्पर्धेत आम्ही हरलो. चुरशीने वगैरे नाही, सपाटून हरलो. गोलकीपरला पाण्यात पाय टेकता येत नाहीत, सगळा वेळ पाय मारतच अंग वर उचलून धरायचं असतं. एका सामन्यात तर माझं काम चेंडू अडवणं हे नव्हतंच, जाळ्यातून काढून देणं हेच होतं.

संध्याकाळी पप्पांचा फोन आला. "हरलो," मी सांगितलं. पलीकडे ते नुसतेच गप्प. ती शांतता मला सोसेना, म्हणून मी बोलून गेले, "पण पप्पा, एखाद्या देशाने जागा सोडली तर ती खालच्या संघाला मिळते. तसं होतं कधीकधी." नियम खरा होता. पण वरच्या किती जणांनी पाठ फिरवली तर पंगत आमच्यापर्यंत येईल, हे मी सांगितलं नाही.

परत आले तर फ्लेक्स तसाच. पप्पांनी सैल पडलेल्या दोऱ्या नव्याने आवळल्या होत्या. ड्युटीवरून आले की हातपाय धुवायच्या आधी विचारायचे, "सोडली का गं कुणी जागा?" शेजारच्या काकूंनी निघायची तारीख विचारली, तर म्हणाले, "वरून यादी यायची हाय." आईने सांगितलं, ते आता देवाला हात जोडताना ओठांत काहीतरी पुटपुटतात. काय पुटपुटतात ते मला कळत होतं. कुठल्यातरी देशातल्या मुलींनी येऊ नये म्हणून माझा बाप नवस बोलत होता, आणि ती बुद्धी त्यांना मी दिली होती. याच्याइतकी लाज मला हरल्याचीसुद्धा वाटली नव्हती.

मग एका संघाने खरंच माघार घेतली. जागा गेली आमच्या वरच्यांना. पप्पा घरात पाऊल टाकतात तोच मी सांगून टाकलं. फोनवर खालपासून वरपर्यंतचे संघ दाखवले. "इथे आपण. आणि जागा इथवरच आली. आपल्यापर्यंत येणार नाही पप्पा. कधीच येणार नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते खाली बसले. वंगणाचे काळे हात गुडघ्यांवर तसेच.

"ज्यांनी सोडली," ते म्हणाले, "त्या पोरी तर जिकल्या व्हत्या ना?"

"हो."

"मग कामून सोडली?"

"माहीत नाही."

त्यांनी माझ्या हातातल्या फोनवरची यादी पुन्हा एकदा खालून वर बघितली. मग म्हणाले, "त्यांच्या बापानंबी लावला आसंल का गं फ्लेक्स?"

पप्पा उठले, वॉचमनकडून शिडी मागून आणली. मी स्कार्फ न बांधता खाली उतरले आणि शिडी धरली. भाजीवाल्या मावशी बघत होत्या. वरून पप्पांनीच त्यांना सांगितलं, "हारली आमची पोरगी," आणि दोरी कापली.