अंधेरीच्या गॅलरीतली ओली लादी

आधीच सांगते, या ग्रुपवर मी दोन वर्षं फक्त वाचायला येते, आणि खरं बोलायचं तर निम्मे अनुभव वाचून हसते. तेच पिंपळ, तेच पैंजण, तीच पांढरी साडी... मुलुंडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. स्लाईडवर जे दिसतं ते रिपोर्टमध्ये लिहायचं, दिसत नसेल तर लिहायचं नाही, एवढंच माझं अध्यात्म. त्यामुळे हे वाचून तुम्ही मला हसलात तर माझी काही तक्रार नाही.

निखिल माझा धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, म्हणजे अर्धा मीच वाढवलेला. एमबीबीएसला चीनला गेला होता. चौथ्या वर्षी तिकडच्या नववर्षाच्या सुट्टीत सगळं हॉस्टेल रिकामं झालं. याचा अभ्यास राहिला होता म्हणून हा थांबला. आणि त्याला ताप आला. मला फोन केला तेव्हा मी लॅबमध्ये होते, समोर लाइन लागलेली. म्हटलं, "व्हायरल असेल रे. गोळी घे आणि भरपूर पाणी पी." हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं.

मग दोन दिवस फोन लागेना. त्याचा वर्गमित्र तेजस सुट्टीसाठी घाटकोपरला घरी आला होता, त्याच्या मागे लागले. त्याने तिकडे कळवलं, तेव्हा खोलीचं दार तोडलं. आतून कडी होती. कागदावर न्यूमोनिया असं आलं. अग्नी तिकडेच दिला. भांडुपला आमच्या घरी आल्या त्या अस्थी.

बाबा त्याआधीच गेले होते, त्यामुळे घरात आई आणि मी. आई कणकवलीकडची. पंचेचाळीस वर्षं भांडुपात काढली तरी मालवणीच बोलते. ती फार रडली नाही. फक्त एकच विचारायची, कधीही, भाजी निवडताना, टीव्ही चालू असताना...

"झिलाच्या तोंडात कोणी पाणी घातला आसात काय गो?"

आमच्याकडे माणूस जाताना तुळशीच्या पानाने तोंडात पाणी घालतात. शत्रूलासुद्धा नाही म्हणत नाहीत. आणि हिचा मुलगा बंद खोलीत, तापाने फणफणलेला, एकटा. मी नुसतं "असेल गं," म्हणायचे. तिला ते पटायचं नाही, आणि मलाही नाही.

हळूहळू तिचं स्वतःचं पाणी सुटत गेलं. मुद्दाम नाही. तांब्या तोंडाला लावला की तेच आठवायचं आणि ती तो खाली ठेवायची. दोनदा ॲडमिट करून सलाईन लावलं. तिची क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, मीच लावायचे, आणि दर वेळी आकडा वाढलेला असायचा. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर किडन्या जातील.

एक दिवस म्हणाली, "माका चीन बघूचो आसा."

पासपोर्ट नाही, गुडघे धड नाहीत, आणि हिला चीन बघायचाय. मी चिडले, मग रात्रभर वाईट वाटत राहिलं. शेवटी फोनवर शोधलं की मुंबईत चिनी असं काय बघायला मिळतं. हॉटेलं सोडून चित्रांची प्रदर्शनं सापडली. आजचे चिनी चित्रकार, इन्स्टॉलेशन वगैरे. आम्हा मायलेकींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण निघालो.

पहिलं जुहूला. केवढाले कॅनव्हास, नुसतेच लाल-करडे. आई एकेका चित्रासमोर नाक लावून उभी राहायची, आणि तिने तिथल्या मॅडमना सरळ विचारलं, "ह्येच्यात माणसां खंय आसत?" मॅडम हसल्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरं वांद्र्याला. तिथे एका बिल्डिंगच्या कॉरिडॉरचा मोठा फोटो होता, दोन्ही बाजूंनी बंद दारं. त्याच्यासमोर ती अर्धा तास उभी होती. मला कळलं ती काय बघतेय, आणि मी तिला हाक मारली नाही.

तिसरं अंधेरी ईस्टला, एमआयडीसीतल्या जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. खाली प्रिंटिंग प्रेस, वर मालाच्या लिफ्टने जायचं. शनिवारची दुपार, तीन वाजलेले. आत एसी, खिडकी एकही नाही. आम्ही दोघी आणि दाराशी वॉचमन काका, एवढीच माणसं.

शेवटच्या खोलीत एक काळी लादी आडवी ठेवली होती. आपल्या ओट्याला कडप्पा असतो ना, तसाच दगड, फक्त खाटेएवढा. बाजूला मातीचं भांडं, त्यात पाणी, आणि एक जाड ब्रश. भिंतीवर माहिती होती की तिकडे बागांमधून म्हातारी माणसं जमिनीवर नुसत्या पाण्याने अक्षरं काढतात, ती मिनिटा-दोन मिनिटांत वाळून जातात. बघणाऱ्यांनीही लादीवर काहीतरी लिहावं अशी कलाकाराची इच्छा होती. मी ते वाचत होते. आईला इंग्रजी येत नाही. तिला दिसलं ते एवढंच — खाटेएवढी जागा आणि उशाशी पाणी.

"थंय पण असाच करतत काय?" तिने हळूच विचारलं.

मला वाटलं, लिहिण्याबद्दल विचारतेय. म्हटलं, "हो, करतात."

तिने ब्रश पाण्यात बुडवला, लादीच्या वरच्या टोकाला वाकली, आणि जिथे तोंड आलं असतं तिथे एकेक थेंब टाकायला लागली. "घे रे बाबू. घे. सावकाश घे." मी तिचा हात धरायला पुढे झाले आणि थांबले. काकांनी बघितलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. बशीएवढं पाणी जमलं तेव्हा तिने ब्रश ठेवला आणि पदराने तोंड झाकून घेतलं. किती दिवसांनी रडली ती.

मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते, नजर लादीवर. पाणी वाळायला लागलं. कडेकडेने वाळत आत जातं, तसं जायला हवं होतं. ते तसं गेलं नाही. मधेमधे वाळलं आणि बाकीचं रेघांसारखं उरलं. बारीक, स्वच्छ रेघा. एकाखाली एक चार चिनी अक्षरं, वरची दोन सारखी. मी मोबाईल काढून फोटो घेतला आणि काही सेकंदांत लादी कोरडी झाली.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मीही म्हटलंय. आधी कुणीतरी लिहिलं असेल, बोटांचं तेल दगडात मुरलं असेल. काका म्हणाले, रोज सकाळी लादी पुसतात, आणि आज तुमच्याआधी कुणी आलंच नाही. मग मी स्वतः त्याच जागी, तेवढंच पाणी तीनदा टाकून बघितलं. तिन्ही वेळा गोल डाग वाळला आणि गेला.

संध्याकाळी फोटो तेजसला पाठवला. बराच वेळ टायपिंग... टायपिंग... मग फोनच आला.

"ताई, हे कुणी लिहिलं?"

"तू आधी सांग काय लिहिलंय."

"थँक्यू मावशी. म्हणजे, हॉस्टेलला साफसफाईच्या, देखरेखीच्या बायका असतात ना, त्यांना आम्ही असंच म्हणायचो. निखिल तर दिवसातून दहा वेळा."

फोन स्पीकरवर होता. आईने ऐकलं. ती म्हणाली, "एकटो नाय होतो माझो झील. मावशी होती थंय." उठली, माठातून तांब्या भरून घेतला आणि पूर्ण प्यायली. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

त्यानंतर तिची क्रिएटिनिन उतरली. रिपोर्ट आहेत माझ्याकडे, हवे तर दाखवीन.

पुढे तेजस डिग्रीच्या कागदांसाठी परत जायला निघाला, तर आईचं सुरू झालं, "तिका लुगडा धाडूक व्हया." भांडुप स्टेशनजवळच्या दुकानातून स्वतः निवडलं, हिरवं, बारीक काठाचं. महिन्याभराने फोटो आला. हॉस्टेलच्या दारात पन्नाशीची एक बाई, दोन्ही हातांवर लुगडं धरून हसतेय. आईने तो मोठा करून देवांशेजारी लावलाय. "मायाळू दिसता गो," म्हणते, आणि सणावाराला तिच्या तब्येतीची चौकशी करते. मी बरी आहे म्हणून सांगते.

तो फोटो आला त्याच रात्री तेजसने मला वेगळा फोन केला होता. फोटोतली बाई त्याच इमारतीत काम करते, हे खरं. पण निखिल गेला त्या आठवड्यात ती गावाला होती. सगळ्याच जणी होत्या, नववर्षाची सुट्टी. इमारतीत एकही बाई नव्हती, खाली फाटकावर फक्त एक म्हातारा गार्ड. आणि निखिलच्या दाराला आतून कडी होती. तेजसला काय करावं सुचेना, म्हणून त्याने लुगडं तिलाच दिलं.

हे मी आईला सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहितेय. मला याचं स्पष्टीकरण आजही सापडलेलं नाही, आणि "आत्मा" वगैरे शब्द मी अजूनही वापरणार नाही. पण त्या खोलीत कुणी मावशी नव्हती, आणि पाणी दिल्याबद्दल तो कुणाला तरी मावशी समजून थँक्यू म्हणाला. त्याला पाणी पाजताना मी एकाच बाईला बघितलंय, अंधेरीला, दोन वर्षं उशिरा.

कधीकधी वाटतं, आईला सांगून टाकावं की तूच पोचली होतीस गं त्याच्यापर्यंत. पण मग पुढचंही सांगावं लागेल, की तापात त्याने तुला ओळखलं नाही.