वरच्या काकांचं प्रोसेस शीट

वरच्या काकांनी उभ्या जन्मात संगणकाला बोट लावलं नाही, आणि थेरगावातल्या आमच्या सोसायटीतली निम्मी मुलं त्यांनी संगणकाच्या नोकरीला लावली. उरलेली निम्मी सुटली, कारण ती तेव्हा जन्मायची होती. काका आमच्या बरोब्बर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहतात. ऐन तारुण्यात बीडकडून इकडे आले, आधी भोसरीत आणि मग चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात तीस वर्षं काढली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांचा कारखाना आमच्या जिन्यात सुरू झाला. कच्चा माल आम्ही होतो.

कारखान्यात कुठलाही पुर्जा बनवायचा तर आधी त्याचं प्रोसेस शीट तयार होतं: कोणतं काम कितवं, हत्यार काय, वेळ किती, तपासणी कशी. मुलं आणि पुर्जे यांत काकांना फार फरक वाटत नसे. दहावीचा निकाल लागला की मुलाला पेढ्यांसकट वर बोलवायचं, चहा पाजायचा आणि पट्टीनं रेघा मारलेल्या कागदावर त्याचं आयुष्य लिहून द्यायचं. ऑपरेशन दहा, बारावी सायन्स. वीस, डिग्री. तीस, सहा महिन्यांचा कोर्स. चाळीस, हिंजवडी. पन्नास, कंपनी बदलणे. साठ, परदेश. खाली ‘तपासले’ म्हणून सही. आकडे दहा-दहाच्या अंतरानं कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. “मधी जागा ठिवावी लागती, माय. ड्रॉइंग बदलतंय,” ते म्हणाले. ती जागा त्यांनी कधी वापरल्याचं मला आठवत नाही. वेळेचा रकाना मात्र ते महिन्यांसकट भरत, आणि तो मोकळा सोडणं त्यांना जेवणाचं ताट अर्धं टाकून उठण्यासारखं वाटे.

कशात किती स्कोप आहे हे ठरवण्याची त्यांची पद्धत साधी होती. दर बुधवारी पायी अभ्यासिकेत जायचं, तिथे येणाऱ्या सगळ्या वर्तमानपत्रांच्या करिअर पुरवण्या वाचायच्या आणि खिशातल्या डायरीत टिपून घ्यायचं. मग संध्याकाळी पार्किंगमध्ये जाहीर व्हायचं, की जावा गेलं, आता क्लाउड. क्लाउड म्हणजे काय, तर “दुसऱ्याच्या कारखान्यातली हत्यारं भाड्यानं वापरायची.” सायबर सिक्युरिटी म्हणजे गेटवरचा वॉचमन. डेटा सायन्स म्हणजे रिजेक्शनचं रजिस्टर नीट वाचणं. खालच्या मजल्यावरच्या एकाला हॉटेलचं शिक्षण घ्यायचं होतं, तर त्याला “स्वयंपाक तर मी पण करायलोय की,” असं म्हणून त्यांनी तासाभरात डेटा सायन्सला वळवलं. एआयबद्दल मात्र ते फार बोलत नसत. “आमच्या लाइनीवर ऑटो लोडर बसला, तसलंच काहीतरी,” एवढंच. मशीनवर आपोआप पुर्जे चढवणारा तो लोडर बसल्यावर त्या लाइनीवरच्या चौघांचं काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही तेव्हा विचारलं नाही.

मला भूगोल शिकवायचा होता. नद्या, पठारं, पाऊस कुठे अडतो, हे मला मनापासून आवडायचं. पण दहावीत असताना मी सोसायटीच्या नोटिशीतल्या तीन चुका पेन्सिलीनं दुरुस्त केल्या आणि ते काकांनी पाहिलं. “ही पोरगी तपासणीतली हाय,” त्यांनी माझ्या आईला बजावलं. “सॉफ्टवेअर टेस्टिंग. लई स्कोप.” वडील नव्हते, घरात दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. माझं शीट आईनं लॅमिनेट करून घेतलं. मी अकरा वर्षं टेस्टिंग केलं, आणि खोटं कशाला बोलू, बरं चाललं होतं. सकाळी जिन्यात काका भेटायचे. “लाइन चालू?” ते विचारायचे. “चालू,” मी म्हणायचे. कारखान्यात शिफ्ट बदलताना हेच विचारत असत म्हणे.

मार्चमध्ये एका छोट्या मीटिंगमध्ये आमची अख्खी टीम कमी केली. आम्ही तपासायचो ते आता सॉफ्टवेअरच तपासणार होतं. आईला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. काकांना सांगणं काही जमेना. त्यांनी सही केलेल्यांपैकी मी त्यांचा सगळ्यात आवडता पुर्जा होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मला दाखवायचे. म्हणून रोज लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून मी घराबाहेर पडत राहिले. “लाइन चालू?” “चालू.” दोन महिने. दिवसभर अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षावाल्या पोरांच्या रांगेत बसून मी नोकरीचे अर्ज भरायचे. बुधवारी तेवढं तिकडे फिरकायचं नाही, सांगवीला मैत्रिणीकडे जायचं, एवढी हुशारी मी केली होती. पण एका बुधवारी काकांना ताप होता, म्हणून ते गुरुवारी आले.

त्यांनी मला पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा वाजले होते. मग समोरच्या बाकावर बसून त्यांनी पुरवणी उघडली आणि खूप वेळ तिचं एकच पान धरून ठेवलं. डायरी खिशातून निघालीच नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जिन्यात विचारणं सोडलं. जूनमध्ये तळमजल्यावरची मुलगी निकाल आणि पेढे घेऊन वर गेली, तर तिला म्हणाले, “मला आता समजत न्हाई. तू तुझ्या मनानं बघ.” ती रिकाम्या हातानं खाली आली तेव्हा मी दारातच होते. मला त्यांचा राग होता, तो खरा होता. पण तिच्याकडे पाहून मी आत वळले ती रागानं नव्हे.

मी माझं लॅमिनेट केलेलं शीट घेतलं, कात्रीनं प्लास्टिक कापलं आणि वर गेले. काकांनी कागद ओळखला.

“चुकलंच माझं,” ते म्हणाले. “भूगोल म्हणाली होतीस तू.”

“आता काय लिहायचं ते सांगा,” मी म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला. पन्नास आणि साठ यांच्यामध्ये पट्टीनं एक रेघ मारली आणि पंचावन्न आकडा घातला. कामाच्या रकान्यात लिहिलं, ‘होल्ड’.

“होल्ड म्हणजे स्क्रॅप न्हवं,” ते सावकाश म्हणाले. “पिवळं लेबल लावून बाजूला ठिवायचं. मग कुणीतरी येऊन ठरवतंय.”

“कोण?”

“आमच्यात क्वालिटीचे साहेब यायचे.” त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. “हितं कोण येतंय, ते मला बी माहीत न्हाई.”

वेळेच्या रकान्यावर त्यांनी पेन्सिल टेकवली. बराच वेळ तिथेच धरली. शेवटी तिथे काही न लिहिताच त्यांनी खाली सही केली.

आता बुधवारी आम्ही दोघं बरोबरच अभ्यासिकेत जातो. ते बातम्या वाचतात, पुरवणीची घडी मोडत नाहीत. जिना उतरताना मी मुद्दाम एक पायरी मागे राहते. लाइन बंद आहे हे त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे, तरी एखाद्या सकाळी त्यांनी विचारावं असं मला वाटतं.