सरळ पाठीची मासळी

आमच्या तांड्यावर कुणाला काहीही होवो, माझ्या सासऱ्यांचा इलाज एकच: मीठ. जुनी माणसं बैलांवर मीठ लादून मुलूख फिरायची, तो अभिमान त्यांच्या अंगात मुरलेला. म्हणून शेततळ्यातली माझी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी मासळीची पिल्लं, वाकड्या पाठीची निघाली तेव्हा त्यांनी गोठ्यातली गाईनं चाटायची मिठाची वीट आणली आणि दोराला बांधून तळ्यात सोडली.

"जनावरच हाय ते. चाटंल, हाड धरंल."

"मामंजी, मासा काय गाय हाय का?"

"तू मला जनावरं शिकवून राहिली का?"

वीट विरघळली, पिल्लं कुबडीच राहिली. जवळा बाजार गावच्या बाजारात लोक लांबूनच विचारायचे, "कुबडी मासळी आली का?" मी आतल्या आत जळायचे. सासऱ्यांनी सांगून टाकलं, पुढचं बीज, म्हणजे विकत आणलेली पिल्लं, तीही अशीच निघाली तर मासे बंद, तळ्याचं पाणी फक्त हळदीच्या पिकाला. घरातलं दुसरं काहीच माझ्या म्हणण्यानं झालेलं नव्हतं. हे एक मी सोडणार नव्हते.

बीज देणाऱ्याला मी धारेवर धरलं. तुझं बीजच खोटं, मी म्हणाले. त्यानं शांतपणे विचारलं, "ताई, तळ्याला खाली प्लास्टिक हाय ना? खायला काय घालता?"

पेंड आणि कोंडा, मी म्हणाले. तिथंच गाडं अडलेलं होतं. मातीच्या तळ्यात पिल्लांना गाळातले किडे मिळतात, प्लास्टिकवर काय मिळणार, कपाळ? कॅल्शियम पाण्यातूनही अंगी लागतं, पण हाडाला लागणारं फॉस्फरस पोटातूनच जावं लागतं. एकदा वाकलेली पाठ मात्र पुन्हा सरळ होत नाही, हेही त्यानं सांगितलं.

नवं बीज सोडलं. फॉस्फरस असलेलं माशांचं खनिज मिश्रण पेंडी-कोंड्यात कालवायचं, पाण्यात धुऊन जाऊ नये म्हणून पिठाच्या खळीत मळायचं आणि सोऱ्यातून शेवया पाडून वाळवायच्या. सासरे ओट्यावरून बघायचे.

"माशांना शेवया. आमाला कधी केल्या न्हाईत."

"तुमची पाठ वाकली की करीन," मी म्हणाले.

पिल्लं जरा वाढल्यावर पहिल्यांदा जाळं ओढलं. एकेक पिल्लू ओल्या तळव्यावर घेऊन पाठीवरून बोट फिरवलं. सरळ. हेही सरळ. इतका आनंद झाला की मी काठावर बसून एकटीच हसत सुटले.

मासळी विकायला काढली त्या दिवशी सासरे न बोलावता माझ्यासोबत बाजारात आले. नेहमीचा एक जण लांबूनच ओरडला, "कुबडी मासळी आली का?" मी तोंड उघडायच्या आत सासऱ्यांनी टोपल्यातला रोहू उचलून त्याच्यापुढं धरला.

"हात फिरव पाठीवर."

त्यानं फिरवला. विटेची गोष्ट साऱ्या बाजाराला ठाऊक होती. "मामा, शेवटी मिठानंच काम केलं म्हणा की."

"न्हाई," सासरे चार माणसांत म्हणाले. "माझं मीठ न्हाई चाललं. सुनेचं चाललं."

मी मान खाली घालून मासे तोलत राहिले, पण हसू काही आवरेना.