पंगतीतून उठलेले आबा

आबांच्या घशातून दुर्बीण खाली सरकवली आणि मी थांबले. रात्रभर उपाशी माणूस, तरी अन्ननलिकेत आदल्या दिवशीचा भात तसाच पडलेला.

आबा पारोळ्याजवळच्या खेड्यातले. पत्नी वारलेली, एकटेच राहायचे. कित्येक वर्षं ‘अ‍ॅसिडिटी’च्या गोळ्या घेत होते. धुळ्याला माझ्याकडेही एकटेच आले.

ते शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, “आबा, उलटी आंबट लागते का?”

“नही. जसं खादं तसंच येस.”

आंबट नाही, म्हणजे अन्न पोटापर्यंत पोचतच नव्हतं. अन्ननलिकेच्या टोकाला एक झडप असते. घास आला की ती सैल पडते. आबांची पडत नव्हती. या आजाराला अ‍ॅकलेशिया म्हणतात. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत आणि अन्ननलिकेतला दाब मोजण्याच्या तपासणीत तेच दिसलं.

तोंडावाटे फुगा सोडून झडप ताणायचं ठरलं. त्यात अन्ननलिका फाटण्याचा धोका असतो, म्हणून म्हटलं, “घरचं कुणीतरी हवं.”

“कोनी नही.” मग म्हणाले, “पोर शे. दोंडाईचाले.”

मी फोन लावला. मुलगी आली, पण आत यायच्या आधी तिने दारातच मला विचारलं, “मॅडम, दारूमुळेच ना? माझ्या नणंदेच्या लग्नात भर पंगतीत ओकले. सासरी मान वर करायला जागा राहिली नाही.”

“त्यांनी दारू घेतल्याचं कुठेच दिसत नाही. हा झडपेचा आजार आहे.”

ती भिंतीला टेकून उभी राहिली. “ते सांगत होते, घेतली नाही म्हणून. आम्हीच ऐकलं नाही,” ती म्हणाली.

फुगा व्यवस्थित फुगला, नळी शाबूत राहिली. दुसऱ्या दिवशी आबा घोटभर पाणी प्यायले आणि छातीवर हात ठेवून थांबले.

“गयं,” ते म्हणाले. मुलगी रडायला लागली.

काही महिन्यांनी तपासणीला आले तेव्हा वजन वाढलं होतं. एक्स-रे चांगला होता.

“आता मुलीकडे जाता ना जेवायला?”

“जास. पन ताट घिसन मांगली खोलीमा बठस. कोनी समोर बठनं की घास उतरत नही.”

मी एक्स-रे पुन्हा दिव्यावर लावून पाहिला. झडप उघडी होती, बेरियम सरळ खाली गेलेलं. लिहून देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

निदानाला उशीर झाला, तर आजार आटोक्यात आला तरी एकट्याने जेवायची सवय तशीच राहते. म्हणून हल्ली गिळायचा त्रास सांगणाऱ्याला मी हेही विचारते, जेवायला सोबत कोण असतं?