अंधारात वाचलेलं कार्ड

भोपाळला आलो तेव्हा आपल्याला हिंदी येतं, असा माझा समज होता. पुण्यात हिंदीच्या दोन परीक्षा पास झालो होतो, त्यामुळे तो समज अंमळ पक्काच होता. पहिल्याच हिवाळ्यात मुलीच्या शाळेतल्या बहनजींनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "आपकी बच्ची बहुत चेष्टा करती है."

मी शरमेनं मान खाली घातली. माफी मागितली. आता पुन्हा असं होणार नाही, मी बघतो, असं शुद्ध हिंदीत सांगितलं. बाई गोंधळून माझ्याकडे पाहत राहिल्या. घरी येऊन मी दहा वर्षांच्या पोरीला समोर उभं केलं.

"बाईंची चेष्टा करतेस? तोंडं वेडावतेस?"

तिनं डोळे बारीक केले, नाक आक्रसलं आणि माझ्याकडे बघितलं. मला पुरावाच मिळाला. "बघ, बघ! बापाच्या तोंडावरसुद्धा!" दोन दिवस तिचं खेळणं बंद.

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला तिसऱ्या दिवशी कारखान्यातल्या एका कारकुनानं सांगितलं, तेही पोट धरून हसून झाल्यावर. पुन्हा शाळेत गेलो. बाई म्हणत होत्या त्याचा अर्थ असा होता : पोरगी फार प्रयत्न करते, पण तिला फळाच दिसत नाही. डोळे बारीक करते, पुढे वाकते, शेजारणीच्या वहीतून उतरवते. तिचे डोळे दाखवा.

भोपाळ नव्या राज्याची राजधानी होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमच्या कारखान्याची वसाहत अर्धी उभी, अर्धी चुन्याच्या रेघांत होती. आज जिथे सोनागिरीची वस्ती आहे तिकडे नुसता माळ. डोळ्याचा डॉक्टर शहरात, आणि शहर लांब. शेजारणीच्या सांगण्यावरून आमची ही पोरीला घेऊन जुन्या शहरातल्या एका हकीमसाहेबांकडे गेली. मी चार जणांत तिची थट्टा केली. इथे आम्ही मोठाली यंत्रं बनवतोय आणि बायको निघाली सुरमा घालायला!

हकीमसाहेबांनी पोरीला खिडकीपाशी नेलं, समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली आणि हिला म्हणाले, "बीबी, ये सुरमे का काम नहीं. चश्मा बनवाइए." पुडी नाही, काढा नाही.

"हकीम असून चष्मा सांगतो?" मी म्हणालो. "म्हणजे त्याला स्वतःचंसुद्धा काही येत नाही."

"येत नाही ते येत नाही म्हणाला," ही म्हणाली. "वाईट काय त्यात?"

मी खात्यात तपासणीचं काम करत असे. आमच्याकडे भोक तपासायला दोन टोकांचं गेज असतं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. गो आणि नो-गो. दिवसभर एवढंच बघायचं : घे किंवा फेक. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की माणसांनाही मी तेच गेज लावायचो. हकीम : फेक. इंजिनिअर : घे.

आणि इंजिनिअर घरचाच होता. आमच्याच खात्यातले वरिष्ठ, परदेशात ट्रेनिंग घेऊन आलेले, बोलायला गोड. दर रविवारी आमच्याकडे पोहे खायला येत. ही त्यांना भावजी म्हणायची, पोरगी काका. परक्या गावात असा एक माणूस मिळाला की भाऊ मिळाल्यासारखं वाटतं. मला तर वाटायचंच.

ते म्हणाले, "चष्मा? अहो, ती कुबडी आहे! इंग्रज गेला, आता कुबड्याही गेल्या पाहिजेत. स्वतंत्र देशाच्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला नको?"

मला हे इतकं पटलं की माझ्याच अंगावर काटा आला. त्यात मनाच्या तळाशी दुसरीही एक गोष्ट होती, ती सांगूनच टाकतो. चष्मा लावलेल्या मुलीचं लग्न कसं जमायचं, ही भीती. देशाच्या स्वातंत्र्यामागे ती छान लपली.

त्यांनी एक लाकडी पेटी बनवली होती. आत दिवा, पुढे निळी, हिरवी, तांबडी काच. रोज संध्याकाळी पोरीनं त्या उजेडाकडे बघायचं, मग तळहातांनी डोळे झाकून स्वस्थ बसायचं, मग गार पाण्यानं डोळे धुवायचे. रविवारी भिंतीवर अक्षरांचं कार्ड लावून परीक्षा. कितव्या ओळीपर्यंत वाचलं, त्याचा ठिपका ग्राफ पेपरवर. ठिपक्यांची रेघ वर वर चढत होती. ग्राफ पेपरवर कोणी खोटं बोलत असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

एप्रिलमध्ये पोरगी नापास झाली.

"ग्राफ बघा," भावजी म्हणाले. "डोळे सुधारलेत. अभ्यासाकडे लक्ष नाही तिचं."

मी ग्राफ बघितला आणि पोरीला रागावलो. त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर ती पुन्हा बसली. बहनजींनी निरोप पाठवला : सहामाहीतही असंच झालं तर मुलीला शाळेतून काढून घरकाम शिकवा. ही तो निरोप हातात घेऊन माझ्यापुढे आली. मला म्हणाली, "एकदा डॉक्टरला दाखवू या का?" मी म्हणालो, "रेघ चढतीये ना?"

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात भावजींचं व्याख्यान ठेवलं : 'चष्म्याविना दृष्टी'. वसाहतीतली सगळी मराठी मंडळी सतरंज्यांवर. व्याख्यानाच्या शेवटी त्यांनी आमच्या पोरीला व्यासपीठावर बोलावलं. पेटी डावीकडे, ग्राफ उजवीकडे, मधे ती, दोन वेण्या घालून. कार्ड पंधरा पावलांवर टांगलेलं. मी पहिल्या रांगेत, मान ताठ.

"वाच बाळ."

"क. ट, प. ग, म, ल..." आवाज खणखणीत होता. तिसरी ओळ, चौथी ओळ. आणि वीज गेली.

देशभरासाठी विजेची यंत्रं बनवणारी आमची वसाहत, पण वीज तिथलीही जायची. मंडप काळाकुट्ट झाला. आणि त्या अंधारात आमची पोरगी वाचतच राहिली, "...ह, न, थ. ब, ळ, र, य." सातव्या ओळीपर्यंत, एकही अक्षर न चुकता.

मागून कोणीतरी म्हणालं, "वा! ही तर अंधारातही बघते!" आणि मंडप हसला. अगदी पोट धरून, बायकामुलांसकट. दिवे आले तेव्हा पोरगी ओठ घट्ट मिटून उभी होती. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. काकांनी सांगितलं तसंच तर तिनं केलं होतं.

घरी येताना मी विचारलं, "तुला पाठ होतं?"

"केव्हाचंच. कार्ड एकच आहे ना, बाबा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काकांना सांगितलं होतं. ते म्हणाले, पाठ असलं तरी म्हण. बाबांना बरं वाटतं."

मी सकाळीच त्यांच्या क्वार्टरवर गेलो. ते दाढी करत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"बसा तर खरं."

"ठाऊक होतं का, एवढंच सांगा."

त्यांनी वस्तरा पुसला. "तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लक्षात आलं. पण पद्धत नवी आहे हो. कार्ड बदललं असतं तर रेघ खाली आली असती, पोरीचा धीर सुटला असता. आणि तुमचाही. पेटीत तथ्य आहे, एवढं मात्र..."

पुढचं मी ऐकलं नाही. उंबऱ्यात अडखळून निघालो. रागानं निघतानासुद्धा मला नीट निघता येत नाही.

त्यांनी नुसतं चुकीचं सांगितलं असतं तर मी विसरलो असतो. मी स्वतः आठवड्याला दहा चुकीच्या गोष्टी सांगतो. पण चूक कळल्यावर ती त्यांनी ग्राफवर मांडली, दर रविवारी, माझ्या घरचे पोहे खाऊन, आणि माझी पोरगी ठिपक्यासाठी वापरली.

त्या दिवशी कामावर मी गेज बाजूला ठेवलं आणि मायक्रोमीटर घेऊन बसलो. मायक्रोमीटर घे-फेक सांगत नाही. किती, ते सांगतो. पहिल्यांदाच मी मनातल्या मनात त्या पेटीचं तसं माप काढायला बसलो. तळहातांनी डोळे झाकणं चांगलं होतं. डोळे ताणून पोरीचं डोकं दुखायचं, ते थांबलं होतं. गार पाणी निरुपद्रवी. रंगीत काचा निरर्थक, पण भावजी आधी त्यावर मनापासून विश्वास ठेवत होते, तेव्हा ती भाबडेपणाची चूक. कुबडीचं तत्त्वज्ञान ऐकायला भव्य आणि आत पोकळ. आणि ग्राफ, जो त्या सगळ्यात सर्वांत शास्त्रीय दिसत होता, तो ठार खोटा. एकाच पेटीत खोटेपणाच्या इतक्या पायऱ्या. आणि ज्याला मी भोंदू म्हणून फेकला, त्या हकिमानं आपली हद्द कुठे संपते ते पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्याचा सुरमा मी आजही डोळ्यात घालणार नाही. पण त्याचं ते वाक्य डॉक्टरच्या वाक्याइतकंच खरं होतं. रात्री हे सगळं माप मी हिलाही सांगितलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरकडे गेलो. नंबर चांगलाच निघाला. डॉक्टर म्हणाले, ही इतके दिवस शाळेत करत काय होती? मी खिशातून पैसे काढून मोजायला लागलो.

चष्मा आला त्या दिवशी टांग्यातून घरी येईपर्यंत पोरगी वाटेवरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती. चहाची, सायकल दुरुस्तीची, 'यहाँ थूकना मना है'ची. आम्ही दोघं ऐकत होतो.

संध्याकाळी पोरगी खेळायला गेल्यावर मी हिच्यापाशी जाऊन बसलो. ती तांदूळ निवडत होती.

"भाऊ मानला होता गं त्याला," मी म्हणालो. "फसवलं त्यानं मला. सगळं खोटं निघालं. सगळं."

तिनं सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. वर न बघता म्हणाली, "सगळं खोटं म्हटलं, की तुम्ही सुटलात. त्यांचं किती ते तुम्ही मोजलंत, बरं केलंत. आता ती खेळून आली की तिला जवळ घ्या, आणि त्यात तुमचं किती होतं ते सांगा. माझं किती होतं, ते मी सांगते."